त्याचेच रक्त त्याला

प्रश्न : माझा अडीच वर्षांचा भाचा जिन्यावरून पडला. कवटीच्या आत रक्त साकळल्याने रात्रीच शस्त्रक्रिया झाली आणि आम्ही रक्तासाठी दोन रक्तपेढ्यांत धावलो. आता तो घरी खेळतो आहे. वाहिलेले रक्त धुऊन रुग्णालाच परत देता येते, असे नंतर ऐकले. मग लहान मुलांत तसे का करत नाहीत? (एक वाचक, सातारा)

उत्तर : भाचा सुखरूप आहे हे वाचून बरे वाटले. तुम्ही ऐकलेत ते खरे आहे. लहान मुलाच्या अंगात दर किलो वजनामागे साधारण ७५ ते ८० मिलीलिटर रक्त असते, म्हणजे १२ किलोच्या मुलात लिटरभरही नाही. मोठा माणूस शिबिरात ३५० मिलीलिटर रक्त देऊन, चहा-बिस्किट घेऊन घरी जातो. तेवढेच या मुलाचे गेले तर जिवावर बेतते.

‘सेल सेव्हर’ यंत्र जखमेतले रक्त गोठू न देणाऱ्या औषधासह ओढून घेते, गाळते आणि एका भांड्यात वेगाने फिरवते. जड लाल पेशी भांड्याच्या कडेला दाटतात, त्यांवरून सलाइन सोडले जाते, आणि टाकाऊ पिशवीत उतरणारे लालसर पाणी हळूहळू निवळत जाते. भिजलेले बोळेसुद्धा सलाइनमध्ये बुडवून त्यांतले रक्त मिळवता येते. मात्र भांडे पुरेसे भरल्याशिवाय धुणे नीट होत नाही, त्यामुळे मुलांसाठी लहान भांडे लागते आणि ते सगळीकडे नसते.

डोक्याच्या दुखापतीत याहून मोठी अडचण असते. उघड्या जखमेत माती गेली असेल तर ते रक्त परत देणे शक्यतो टाळतात, कारण धुण्याने सगळे जंतू जात नाहीत. जखमेत हायड्रोजन पेरॉक्साइड वापरल्यावरचे रक्तही वेगळ्या नळीने टाकून देतात. शिवाय धुतल्यावर लाल पेशी तेवढ्या उरतात, प्लेटलेट आणि रक्त गोठवणारे घटक वाहून जातात. मेंदूला जबर मार बसलेल्या मुलाचे रक्त आधीच नीट गोठेनासे होऊ शकते, आणि ती उणीव रक्तपेढीतल्या प्लाझ्मानेच भरून काढावी लागते. म्हणून यंत्र असते तरी मी तुम्हाला रक्तपेढीत धाडलेच असते.

दुर्मीळ रक्तगटाच्या मुलाची गोष्ट वेगळी. १९५२ साली डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी मुंबईत शोधलेल्या ‘बॉम्बे’ गटाला ओ गटाचे रक्तही चालत नाही. अशा घराने मुलाला दाखल करतानाच भूलतज्ज्ञांकडे या यंत्राची चौकशी करावी. आधी रक्त जमा करण्याचे भांडे तेवढे लावून, पुरेसे रक्त जमले तरच धुण्याचा महागडा संच उघडावा, असेही करता येते.