कॉन्फेडरेट ध्वज: थडग्यावरचा आणि ट्रकवरचा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेटिसबर्गच्या री-इनॅक्टमेंटमध्ये, म्हणजे अमेरिकन गृहयुद्धातली ती लढाई पुन्हा हुबेहूब करून दाखवतात त्यात, कॉन्फेडरेट ध्वज (गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांचा, म्हणजे कॉन्फेडरसीचा) दिसला तेव्हा कुणालाच काही वावगं वाटलं नाही. परतताना महामार्गावर एका पिकअप ट्रकच्या मागे तोच फडकताना दिसला आणि गाडीतले तुमचे कृष्णवर्णीय मित्र एकदम गप्प झाले. मग आदराचा वापर कुठला आणि अनादराचा कुठला? शिवाय मुलीच्या शाळेतल्या गृहयुद्धाच्या प्रकल्पात हा ध्वज काढावा की नाही?

पहिली गोष्ट म्हणजे 'तोच ध्वज' हे बहुधा बरोबर नाही. कॉन्फेडरसीचा पहिला राष्ट्रध्वज ४ मार्च १८६१ रोजी अलाबामातल्या माँटगोमेरी इथे फडकला. दोन लाल पट्टे, मधे एक पांढरा, कोपऱ्यात निळ्या चौकोनावर ताऱ्यांचं वर्तुळ. लांबून तो अमेरिकेच्या ध्वजासारखाच दिसायचा. जुलै १८६१ च्या मॅनॅससच्या लढाईत धुरात आणि पडलेल्या वाऱ्यात आपली तुकडी कुठली नि शत्रूची कुठली हेच कळेना. म्हणून जनरल बोरेगार्ड आणि जॉन्स्टन यांनी व्हर्जिनियातल्या फौजेसाठी वेगळा रणध्वज घेतला: लाल जमीन, निळी तिरपी फुली, त्यावर तारे, आधी बारा आणि पुढे तेरा. आणि तो चौरस होता. पायदळाचा ४८ इंची, तोफखान्याचा ३६, घोडदळाचा ३०. ट्रकवरचा तीन बाय पाच फुटी नायलॉनचा आयत त्या फौजेने कधी पाहिलाच नाही. त्याची ठेवण नौदलाच्या आणि टेनेसीच्या फौजेच्या ध्वजांच्या जवळची आहे.

हा कीस मी उगाच काढत नाहीये. इतकी वर्षं रणभूमी आणि संग्रहालयं पालथी घातल्यावर माझं एक मत पक्कं झालंय: ध्वज जितका आपल्या काळाला, जागेला आणि तुकडीला बांधलेला, तितका त्याचा वापर आदराच्या जवळ. ही गाठ सुटली की तो समोरच्या जिवंत माणसाला काहीतरी सुनावायला मोकळा होतो.

रिचमंडच्या संग्रहालयातले खरे रणध्वज पाहिलेत तर हे लगेच पटेल. लोकरीचं विरळ कापड, कडा विरलेल्या, गोळ्यांची भोकं. काहींवर रेजिमेंटचं नाव आणि ती जिथे जिथे लढली त्या लढायांची नावं रंगवलेली किंवा छापलेली. उत्तरेच्या फौजेने पकडलेल्या ध्वजांवर वॉशिंग्टनच्या युद्धखात्याने आपला नोंदणी क्रमांक घातलेला असतो, म्हणजे कापडावरच पराभवाची पावती. हे ध्वज परत द्यायचा प्रयत्न अध्यक्ष क्लीव्हलंड यांनी १८८७ साली केला, तेव्हा उत्तरेतले माजी सैनिक इतके खवळले की आदेश मागे घ्यावा लागला. शेवटी १९०५ साली काँग्रेसने ठराव करून ते त्या त्या राज्यांना परत दिले. अशा ध्वजासमोर उभं राहिलं की त्याच्याखाली मेलेल्या पोरांचं वाईट वाटतं, आणि ते वाटण्यात काही गैर नाही. त्यातली बरीच सक्तीच्या भरतीत ओढलेली होती. १८६२ च्या त्या कायद्यात काही महिन्यांतच वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यांना एका गोऱ्या माणसाची सूट मिळाली, आणि गरीब शिपायांनी त्यावर बोटं मोडली.

पण शिपायाचं दुःख एक आणि राज्याचा हेतू दुसरा. कॉन्फेडरसीचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मध्ये सव्हानात भर सभेत सांगितलं होतं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची नैसर्गिक अवस्था, ही नव्या सरकारची कोनशिला आहे. मिसिसिपीने फुटून निघतानाच्या जाहीरनाम्यात आपली भूमिका गुलामगिरीशी एकरूप असल्याचं लिहून ठेवलं. १८६३ साली हाच रणध्वज कोपऱ्यात घेऊन पांढऱ्या जमिनीचा दुसरा राष्ट्रध्वज आला, तेव्हा सव्हानाच्या एका संपादकाने पांढरा रंग गोऱ्यांच्या श्रेष्ठत्वाचं प्रतीक म्हणून उचलून धरला. त्यामुळे 'हा आमचा वारसा, गुलामीचा त्याच्याशी काय संबंध' असं कुणी म्हणालं, तर वाद घालत बसू नका. हे तीन कागद वाचलेत का, एवढंच विचारा.

आता गंमत बघा. या ध्वजाच्या गैरवापराबद्दल पहिली मोठी तक्रार करणाऱ्यांत खुद्द त्याचे भक्तच होते. १९४८ साली नागरी हक्कांच्या मुद्द्यावरून डेमोक्रॅटिक पक्षातून फुटलेल्या डिक्सीक्रॅट मंडळींनी तो राजकारणात आणला. त्याच सुमारास कॉलेजातल्या फुटबॉल सामन्यांना पोरं तो हलवू लागली, पुढे टॉवेलांवर आणि टोप्यांवरही तो छापला जाऊ लागला. शिपायांच्या वारसांची 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही संघटना तेव्हा नाराज झाली: आमच्या मृतांचा ध्वज राजकीय टोळ्यांनी आणि कॉलेजच्या पोरांनी मिरवू नये. (याच संघटनेने शाळेच्या पुस्तकांतून गुलामीचा इतिहास किती गोड करून घेतला, तो वेगळा विषय. आज त्यात शिरत नाही.) फ्लोरिडा, जॉर्जिया, साउथ कॅरोलिना अशा राज्यांनी तर या ध्वजाच्या विटंबनेवर बंदी घालणारे कायदेही केले. राष्ट्रध्वज जाळणं हेसुद्धा अभिव्यक्तिस्वातंत्र्य आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली दिल्यावर त्या कायद्यांत दम राहिला नाही.

म्हणजे 'अनादर' दोन तऱ्हेचा झाला: ध्वजाचा, आणि ध्वज वापरून माणसाचा. चर्चा कायम पहिल्यावर अडकते. मला दुसरा महत्त्वाचा वाटतो.

सरकारी इमारतीवर तो कधी चढला ते बघा. जॉर्जियाने १९५६ साली आपल्या राज्यध्वजात ही फुली घेतली, म्हणजे शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या निकालानंतर दोन वर्षांनी. साउथ कॅरोलिनाच्या विधानभवनावर तो १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला आला, निमित्त युद्धाच्या शताब्दीचं, पण शताब्दी सरली तरी तिथेच राहिला. अलाबामात गव्हर्नर जॉर्ज वॉलेस यांनी १९६३ साली केंद्राचे अ‍ॅटर्नी जनरल रॉबर्ट केनेडी वर्णभेदाबद्दल बोलायला येणार त्याच दिवशी तो चढवला. यात मृतांची आठवण कुठे शोधायची?

साउथ कॅरोलिनाने २००० साली तडजोड केली: घुमटावरून उतरवून आवारातल्या सैनिक-स्मारकाशेजारी लावला. कागदावर ठीक वाटतं, थडग्याजवळ नेल्यासारखं. पण १७ जून २०१५ ला चार्ल्सटनच्या इमॅन्युएल चर्चमध्ये बायबल वाचायला जमलेल्या नऊ कृष्णवर्णीयांना एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्याने गोळ्या घातल्या. हा ध्वज हातात घेतलेले त्याचे फोटोही पुढे आले. घुमटावरचे अमेरिकेचा आणि राज्याचा असे दोन्ही ध्वज अर्ध्यावर उतरले आणि हा मात्र टोकालाच राहिला, कारण विधिमंडळाच्या संमतीशिवाय त्याला हात लावता येत नव्हता. त्यानंतर तडजोडीत काही अर्थ उरला नाही. २७ जूनला ब्री न्यूसम ही कार्यकर्ती खांबावर चढली आणि तिने तो काढला; तिला अटक झाली आणि तासाभरातच ध्वज पुन्हा वर. १० जुलैला तो कायद्याने उतरला आणि संग्रहालयाकडे गेला. सरकारने हा ध्वज फडकवू नये, याबाबत माझ्या मनात किंतु नाही. मिसिसिपीने २०२० मध्ये फुली असलेला आपला १८९४ चा राज्यध्वज रद्द केला, त्याला उशीरच झाला.

दफनभूमीबाबत मी मवाळ आहे. राष्ट्रीय दफनभूमींत २०१६ पासून तो मोठ्या खांबावर चढत नाही, पण ठरावीक स्मृतिदिनी कॉन्फेडरेट शिपायाच्या थडग्याशी छोटासा लावता येतो. छोटा, त्या एका माणसापुरता, दिवस सरला की काढलेला. हा नियम मला शहाणपणाचा वाटतो. री-इनॅक्टमेंटचंही तसंच: समोर उत्तरेचे शिपाई हवेत आणि ध्वज खऱ्या रेजिमेंटचा हवा. माझ्या ओळखीचा एक ध्वजधारी कार्यक्रम संपला की तो काठीवरून सोडतो, गुंडाळून पिशवीत भरतो आणि मगच पार्किंगकडे निघतो. दुसरा एक तसाच खांद्यावर टाकून हॉटेलात जेवायला जातो. मैदानात दोघंही हुबेहूब असतात, पण माझ्या लेखी या दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ट्रकवाला कायद्याने निर्दोष. घर, गाडी, कपडे, सगळीकडे त्याला हक्क आहे. नंबरप्लेटवर मात्र नाही: प्लेट हे सरकारचं बोलणं आहे, म्हणून टेक्सास राज्य हे चिन्ह नाकारू शकतं, असा निकाल २०१५ सालीच लागला. मिसिसिपी विद्यापीठाने तर १९९७ साली स्टेडियममध्ये ध्वजाच्या काठ्याच बंद केल्या. ध्वजावर बंदी घातली तर भाषणस्वातंत्र्य आडवं येतं, काठीवर घातली तर तो सुरक्षेचा नियम. पण हक्क आहे म्हणून आदर आहे असं होत नाही. ताशी सत्तर मैलांनी कुठल्या शिपायाला श्रद्धांजली वाहतात, हे मला आजवर कुणी समजावून दिलेलं नाही. तुमचे मित्र गप्प झाले, त्याचं कारण त्यांच्या आजोबांच्या पिढीने हे कापड कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्या संघटनेच्या मेळाव्यांत आणि कृष्णवर्णीय मुलांना अडवायला शाळेच्या दारात जमलेल्या जमावात पाहिलंय. त्यांना 'तो तसल्या हेतूने लावत नसेल' असं समजावायला जाऊ नका.

राहिला मुलीचा प्रकल्प. ध्वज जरूर काढू द्या, पण कुठला ते आधी ठरवा. विषय १८६१ चं सरकार असेल तर पट्ट्यांचा पहिला राष्ट्रध्वज. गेटिसबर्ग असेल तर चौरस रणध्वज, एखाद्या खऱ्या रेजिमेंटचा, खाली तिचं नाव आणि साल घालून. मुखपृष्ठावर नको, आतल्या पानावर, आणि शेजारी स्टीफन्सच्या भाषणातला उतारा. शरणागतीचं पान करणार असाल तर व्हर्जिनियातल्या अ‍ॅपोमॅटॉक्सला पांढरं निशाण म्हणून दाखवलेल्या कापडाच्या तुकड्याचं चित्रही घ्या. तो तुकडा वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे. बऱ्याच शाळांत हे चिन्ह कपड्यांवर आणि दप्तरावर चालत नाही, अभ्यासाच्या कामात चालतं. तरी शिक्षिकेला आधी दोन ओळींचा ईमेल टाका, आणि प्रकल्प वर्गाच्या भिंतीवर लागणार आहे का, हेही त्यातच विचारून घ्या.