पॉलिकार्प यांनी फारसे लिहिले नाही, मग त्यांचे नाव एवढे मोठे कसे झाले?

स्मुर्णाचे (आजचे तुर्कस्तानातील इझमीर) बिशप पॉलिकार्प यांचे फिलिप्पैकरांना (फिलिप्पै शहरातील ख्रिस्ती लोकांना) लिहिलेले एकच पत्र आज उपलब्ध आहे, आणि तेही बरेचसे प्रेषितांच्या (येशूच्या पहिल्या शिष्यांच्या व प्रचारकांच्या) लेखनातील वचने गुंफून तयार झालेले आहे. म्हणून केवळ लेखनावरून त्यांची थोरवी कळत नाही, हे आपले निरीक्षण योग्यच आहे. माझ्या मते त्यांची कीर्ती मुख्यतः त्यांच्या दीर्घायुष्यावर आणि त्या आयुष्याच्या काळावर उभी आहे.

इ. स. १५५-५६ च्या सुमारास (युसेबियस हा इतिहासकार याहून काही वर्षे नंतरचा काळ देतो) त्यांना मृत्युदंड झाला, तेव्हा आपण ८६ वर्षे ख्रिस्ताची सेवा केली आहे, असे त्यांनी रोमन अधिकाऱ्याला सांगितले. म्हणजे येशूला प्रत्यक्ष पाहिलेली माणसे हयात असताना त्यांचे बालपण गेले असावे. पुढे गॉलमधील (आजच्या फ्रान्समधील) लिऑनचे बिशप झालेल्या इरेनियस यांनी लहानपणी त्यांचे बोलणे ऐकले होते. प्रेषितांची गुप्त शिकवण फक्त आपल्याकडेच आहे, असा दावा ज्ञानवादी पंथ (गुप्त ज्ञानानेच मुक्ती मिळते असे मानणारे गट) करू लागले, तेव्हा इ. स. १८० च्या सुमारास इरेनियस यांनी पॉलिकार्प यांचाच दाखला दिला: ते प्रेषितांकडून शिकले, आणि असे काही त्यांनी कधीच शिकवले नाही. इरेनियस ज्या योहानाला पॉलिकार्प यांचा गुरू मानतात, तो प्रेषित योहान की त्याच नावाचा चर्चमधील दुसरा कोणी वडीलधारा पुढारी, याबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत; परंतु त्या काळच्या वाचकांवर या दाखल्याचा जो प्रभाव पडला, तो या शंकेने पुसला जात नाही.

त्यांच्या मृत्यूची हकिगत स्मुर्णाच्या मंडळीने (तेथील ख्रिस्ती समुदायाने) फिलोमेलियम या गावाच्या मंडळीला पत्राने कळवली. नव्या कराराबाहेर ख्रिस्ती रक्तसाक्ष्याच्या (श्रद्धेसाठी प्राण देणाऱ्याच्या) मरणाचे इतके जुने सविस्तर वर्णन दुसरे नाही. अटक करायला आलेल्यांना त्यांनी जेवू घातले, हा त्यातला तपशील मला त्याच पत्रातील चमत्कारांच्या वर्णनापेक्षा अधिक विश्वसनीय वाटतो. त्यांच्या अस्थी जपून ठेवून दरवर्षी त्या दिवशी एकत्र जमण्याचा मनोदयही त्याच पत्रात आहे.

त्यांच्या नावाचे वजन खरे दिसते ते ईस्टरच्या वादात. आशिया या रोमन प्रांतातील (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातील) मंडळ्या हा सण यहुदी निसान महिन्याच्या १४ व्या दिवशी पाळत, तर रोममध्ये तो रविवारीच होई. पॉलिकार्प रोमला गेले, तेव्हा बिशप अनिसेतुस यांचे आणि त्यांचे या बाबतीत एकमत झाले नाही. तरीही अनिसेतुस यांनी आपल्या मंडळीत प्रभुभोजनाचा विधी चालवण्याचा मान त्यांना दिला. पुढे इ. स. १९० च्या सुमारास रोमचे बिशप व्हिक्टर आशियातील मंडळ्यांशी संबंध तोडायला निघाले, तेव्हा इरेनियस यांनी त्यांना याच भेटीची आठवण करून दिली.