१२ फूट रुंद खिडकीला एकच मोठा रोलर ब्लाइंड चालेल का?

शक्यतो नको. ज्यावर कापड गुंडाळलं जातं तो एवढ्या लांबीचा पाइप स्वतःच्या आणि कापडाच्या वजनाने मध्ये झोल खातो. मग कापडाला तिरक्या सुरकुत्या पडतात, ते गुंडाळताना एका बाजूला सरकतं आणि कडा ब्रॅकेटला घासून उसवते. शिवाय बरीचशी कापडं जेमतेम ३ मीटर पन्ह्याची येतात, म्हणजे जोड आलाच.

त्यापेक्षा दोन किंवा तीन ब्लाइंड शेजारी लावा आणि सांधा खिडकीच्या उभ्या चौकटीसमोर आणा. भाग असमान झाले तरी चालेल. दोन कापडांमध्ये ब्रॅकेट आणि साखळीमुळे ३-४ सेंमी फट राहते, ती चौकटीआड झाकली जाते. काचेसमोर आली, तर सकाळी उन्हाचा पट्टा बरोबर डोळ्यांवर!

सरकतं दार असेल तर व्हर्टिकल (उभ्या पट्ट्यांचे) ब्लाइंड बरे. त्यांचा ट्रॅक जागोजागी भिंतीला धरलेला असल्याने झोलाचा प्रश्नच नाही. फक्त पट्ट्या गोळा व्हायला बाजूला जागा सोडा.

चौकटीच्या आत बसवणार असाल तर रुंदी वर, मध्ये, खाली मोजा आणि सर्वांत कमी माप द्या. बाहेरून बसवताना दोन्हीकडे १० सेंमी जास्त धरा. घरात लहान मूल असेल तर साखळी भिंतीला क्लिपने ताणून पक्की करा. लोंबती ठेवली तर गळ्याला फास बसू शकतो.