निम्म्या किमतीतली वॉरंटी: कोड आज चालतो, तिसऱ्या वर्षी चालेल?

प्रश्न: मी घरून भाषांतराचं काम करते. लॅपटॉप घेऊन दहा महिने झालेत. निर्मात्याची तीन वर्षांची वाढीव वॉरंटी ईबे या ऑनलाइन लिलावाच्या साइटवर जवळपास निम्म्या किमतीत मिळतेय. विक्रेत्याचं रेटिंग ९९ टक्क्यांच्या वर आहे. पैसे भरले की तासाभरात ईमेलने कोड येतो, तो निर्मात्याच्या साइटवर टाकला की झालं. पेपॅल या ऑनलाइन पैसे देण्याच्या सेवेवर 'मित्र-नातेवाइकांना पाठवतो' त्या पर्यायाने पैसे दिले तर आणखी सूट देतो म्हणाला. माझ्याकडे अडीनडीसाठी दोन महिन्यांच्या खर्चाएवढी शिल्लक आहे, क्रेडिट कार्डाची थोडी थकबाकीही आहे. लॅपटॉप तसा ठीक आहे, फक्त पंखा हल्ली जरा जास्त वाजतो. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. पण एवढी सूट म्हणजे फसवणूकच, असं काही मी म्हणणार नाही. वाढीव वॉरंटी हा विकणाऱ्यासाठी भरपूर नफ्याचा माल आहे. दुकानदार संगणकावर जेमतेम कमावतात आणि खरी कमाई या कागदावर करतात. त्यामुळे एखाद्या अधिकृत विक्रेत्याने आपल्या नफ्यातला मोठा तुकडा सोडून स्वस्तात विकलं तरी त्याला ते परवडतं. घाऊक खरेदी, शिल्लक राहिलेले खोके, दुसऱ्या देशातली कमी किंमत अशी सरळ कारणंही असतात. तेव्हा सूट बघून दचकायचं कारण नाही. मला खटकतात त्या जाहिरातीतल्या दोन ओळी.

तुम्ही पाठवलेलं पान मी मोठं करून पाहिलं. सीलबंद खोक्याचा फोटो आहे, नोंदणी क्रमांकाच्या जागी काळी पट्टी आहे, आणि खाली बारीक अक्षरात लिहिलंय: 'खोका पाठवला जाणार नाही, फक्त कोड.' त्याखाली: 'खरेदीची पावती मिळणार नाही, तिची गरजही नाही.' गरज आहे, आणि ती पावती त्याच्याकडे राहणार, यातच सगळी गोम आहे.

निर्मात्यांच्या बऱ्याच वॉरंटी प्लॅनमध्ये रद्द करायची सोय असते. घेतल्यापासून ठरावीक दिवसांत, बहुतेकदा महिनाभरात, रद्द केला तर पूर्ण पैसे परत आणि नंतर केला तर उरलेल्या काळाच्या प्रमाणात. ग्राहकाच्या सोयीचा नियम आहे, चांगलाच आहे. पण परतावा मिळतो तो ज्याच्या नावाने मूळ खरेदी झाली त्याला. म्हणजे विक्रेत्याने तुम्हाला कोड विकला, तुम्ही तो नोंदवला, साइटवर तीन वर्षांची तारीख झळकली, तुम्ही खूश होऊन पाच तारे दिले आणि मग त्याने पावती दाखवून प्लॅन रद्द केला, तर त्याला पैसे दोन्हीकडून मिळाले. तुम्हाला कोणी कळवेलच असं नाही. दुसरा प्रकार याहून वाईट: कोड चोरीच्या क्रेडिट कार्डावर घेतलेले असतात. कार्डाचा खरा मालक काही आठवड्यांनी बँकेत तक्रार करतो, बँक निर्मात्याकडून पैसे ओढून घेते आणि निर्माता तो कोड बाद करतो. तिसऱ्यात कुणाची लबाडी नसते, तरीही अडचण होते. प्लॅन दुसऱ्या देशासाठी असतो किंवा दुसऱ्या मॉडेलच्या गटासाठी, आणि नोंदणीच्या वेळी चाललं तरी दुरुस्तीच्या वेळी अडतं.

आता रेटिंगकडे या. ईबेवर खरेदीदाराला अभिप्राय द्यायला ६० दिवस असतात. त्या ६० दिवसांत काय तपासलं जातं? कोड आला का, लवकर आला का, साइटने घेतला का. ९९ टक्के लोकांचं याबाबतीत समाधान असणारच. त्यांच्यापैकी दुरुस्तीच्या काउंटरवर जायची वेळ त्या दोन महिन्यांत कोणावर आलेली असेल? जवळपास कोणावरच नाही. त्यांच्या संगणकांची मूळ वॉरंटीच अजून चालू असते. विक्रेत्याने डिलिव्हरी चांगली केली एवढंच ते रेटिंग सांगतं, वॉरंटीबद्दल ते काही सांगू शकत नाही.

पैसे परत मिळवायच्या मुदतींचंही तेच. ईबेच्या मनी बॅक गॅरंटीत माल मिळाल्यापासून साधारण ३० दिवस मिळतात. पेपॅलवर तक्रार करायला १८० दिवस. कार्डाच्या चार्जबॅकला, म्हणजे बँकेत तक्रार करून पैसे परत मागायला, बहुतेक प्रकारांत चारेक महिने. तुमच्या लॅपटॉपची मूळ वॉरंटी अजून दोन महिने चालणार आहे, म्हणजे हा कोड पहिल्यांदा कामाला येईल तेव्हा यातल्या निदान एका दाराला कुलूप लागलेलं असेल, आणि खरी गरज लागेल त्या तिसऱ्या वर्षी सगळ्यांनाच. तेव्हा तक्रार करणं म्हणजे वरातीमागून घोडं. आणि तो जी 'मित्र-नातेवाईक' वाली जास्तीची सूट देतोय ना, तिचा अर्थ समजून घ्या: त्या पर्यायाने दिलेल्या पैशांना पेपॅलचं खरेदीदार-संरक्षण लागूच होत नाही. पाच-सात टक्क्यांसाठी तो तुमच्याकडून तुमचं उरलंसुरलं दार विकत घेतोय. कोणत्याही विक्रेत्याने ही मागणी केली की मी तरी तिथेच पान बंद करतो.

मी हे पुस्तकी सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः असाच एक कोड घेतला होता. दुसऱ्यांना सल्ले देणारा माणूस, पण निम्मी किंमत बघून हात शिवशिवले. कोड चालला. तारीख दिसली. मी स्क्रीनशॉट काढून फोल्डरमध्ये ठेवला आणि विसरलो. अडीच वर्षांनी स्क्रीनवर उभी हिरवी रेघ आली. सर्व्हिस सेंटरमधल्या मुलीने सीरियल नंबर टाकला, दोनदा टाकला, मग मॉनिटर माझ्याकडे वळवला. प्लॅनच्या नावापुढे लिहिलं होतं 'रद्द', आणि त्यापुढची तारीख माझ्या खरेदीनंतर तीन आठवड्यांची. म्हणजे अडीच वर्षं मी वॉरंटी आहे या समजुतीवर निवांत होतो. मी माझा स्क्रीनशॉट दाखवला. तिने तो सौजन्याने पाहिला. विक्रेत्याचं खातं तोवर बंद झालं होतं.

आता थोडा हिशेब, कारण तुम्ही तो मागितला नसला तरी माझा धंदाच तो आहे. लॅपटॉपची किंमत १०० धरू. निर्मात्याकडून वॉरंटी १६ ला आणि लिलावात ९ ला मिळते असं समजू. पहिली गोष्ट, 'तीन वर्षांची' वॉरंटी बहुतेक वेळा लॅपटॉप घेतल्याच्या तारखेपासून मोजतात. पहिलं वर्ष तुम्हाला तसंही फुकट मिळालेलं आहे. म्हणजे तुम्ही विकत घेताय ती दोन वर्षं.

त्या दोन वर्षांत लॅपटॉप बिघडायची शक्यता किती? यावरचे आकडे बहुधा वॉरंटी विकणारेच काढतात, हा त्यातला विनोद. स्क्वेअरट्रेड नावाची कंपनी १९९९ मध्ये सुरू झाली, ती आधी ईबेवरच्या खरेदीदार-विक्रेत्यांचे तंटे सोडवायची आणि पुढे वॉरंट्याच विकू लागली. तिने २००९ मध्ये आपल्या ग्राहकांच्या लॅपटॉपचा अभ्यास काढला: तीन वर्षांत ३१ टक्के लॅपटॉप नादुरुस्त. ऐकून धडकी भरते. पण त्यातले १०.६ टक्के पडणं, पाणी-चहा सांडणं असे अपघात होते आणि साधी वाढीव वॉरंटी अपघात धरत नाही. उरले २०.४ टक्के, आणि त्यातले काही बिघाड पहिल्याच वर्षातले, म्हणजे मूळ वॉरंटीतले. अभ्यास जुना आहे, तेव्हाच्या लॅपटॉपमध्ये फिरत्या हार्ड डिस्क असायच्या. तरी सढळ हाताने तुमच्या दोन वर्षांसाठी १४ टक्के धरू, आणि दुरुस्तीचा सरासरी खर्च ४५. चौदा टक्के गुणिले पंचेचाळीस, म्हणजे ६.३.

तर ६.३ ची जोखीम टाळायला निर्माता १६ मागतोय आणि लिलाववाला ९. चारातला एक कोड मधेच मरतो असं धरलं तरी लिलावातल्या कोडची किंमत साधारण ४.७ भरते. नऊ देऊन ४.७ मिळवायचे, की सोळा देऊन ६.३? निव्वळ गणितात लिलावाचा कोडच सरस दिसतो! हे मी लपवणार नाही. तुमच्या मनातही हेच गणित कुठेतरी असणार, म्हणून तर तुम्हाला मोह झाला.

पण हे गणित शंभर लॅपटॉप असलेल्या ऑफिसला चालेल. तुमच्याकडे एकच आहे. ज्या दिवशी तो बंद पडेल त्याच दिवशी कोडही मेलेला निघाला तर नुकसान ४.७ चं होत नाही, पूर्ण दुरुस्तीचं होतं. वर तोपर्यंत तुम्ही त्या कोडच्या भरवशावर दुरुस्तीसाठी वेगळं काही ठेवलेलंही नसतं. गाजराची पुंगी निदान मोडून खाता तरी येते. हा कोड वाजला नाही तर त्याचं काहीच करता येत नाही.

मग निर्मात्याकडून पूर्ण किमतीत घ्यायची का? तुमच्या बाबतीत मला तेही पटत नाही. लॅपटॉप तुमच्या पोटापाण्याचं साधन आहे आणि वॉरंटी त्यातलं पोटापाण्याचं दुखणं बघतच नाही. मदरबोर्ड बदलून यायला दहा-बारा दिवस गेले तर त्या दिवसांची बुडालेली कमाई कोणी देत नाही. डिस्क बदलली तर त्यावरच्या फायली गेल्या, त्याची जबाबदारी कोणतीही वॉरंटी घेत नाही. बॅटरी हा झिजणारा भाग म्हणून बऱ्याच प्लॅनमध्ये वगळलेला असतो, आणि दोन-तीन वर्षांत हमखास थकणारा भाग तोच. तुम्हाला आधी बाहेरची एक हार्ड डिस्क हवी आणि तिच्यावर रोजचा बॅकअप. मग जमेल तेव्हा एखादा जुना, साधा पण चालता लॅपटॉप कपाटात. भाषांतराच्या कामाला तो पुरतो.

आणि कार्डाची थकबाकी. पत्रात तुम्ही ती 'थोडी' म्हणून सोडून दिलीत, मला मात्र तीच सगळ्यात आधी दिसली. त्या व्याजापुढे कुठलीही सूट टिकत नाही. हे ९ रुपये म्हणा, डॉलर म्हणा, आधी तिथे जाऊ देत. ती फिटली की दर महिन्याला १०० मागे अर्धा, म्हणजे वर्षाला ६, वेगळ्या खात्यात टाका. लॅपटॉपला तीन वर्षं व्हायच्या आत दुरुस्तीची सरासरी रक्कम जमणार नाही, हे खरं. पण स्क्रीन किंवा कीबोर्डापुरते पैसे तरी असतील, आणि काही बिघडलं नाही तर ते पुढच्या लॅपटॉपच्या कामाला येतील.

काही विकत घ्यायच्या आधी आणखी दोन ठिकाणी बघा. लॅपटॉप कोणत्या कार्डाने घेतला होता? काही क्रेडिट कार्डं त्यावर घेतलेल्या वस्तूची मूळ वॉरंटी वर्षभराने वाढवून देतात; अटींचा कागद काढून वाचा. दुसरं, तुम्ही राहता तिथला ग्राहक कायदा. युरोपीय संघात विक्रेत्यावर निदान दोन वर्षांची कायदेशीर हमी असते, निर्मात्याच्या वॉरंटीपेक्षा वेगळी. ॲपल तिथल्या ग्राहकांना ही हमी नीट सांगत नव्हती आणि ॲपलकेअर ही आपली वाढीव वॉरंटी विकत होती, म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने डिसेंबर २०११ मध्ये कंपनीला एकूण ९ लाख युरोचा दंड केला होता. आपल्याकडे आधीच असलेली गोष्ट पुन्हा विकत घेणं हा या व्यवहारातला सगळ्यात जुना तोटा.

एवढं वाचूनही वाढीव वॉरंटीशिवाय झोप लागणार नसेल, तर चेष्टा करत नाही, काहींना खरंच लागत नाही. मग निर्मात्याकडून किंवा त्याच्या अधिकृत विक्रेत्याकडून घ्या, तुमच्या नावाची पावती घ्या, कार्डाने पैसे द्या. नोंदणी तुमच्या खात्यातून करा आणि दर तीन-चार महिन्यांनी सीरियल नंबर टाकून कव्हरेज चालू आहे ना ते पाहत जा.

आता तो पंखा. दहा महिन्यांत पंखा वाजू लागणं म्हणजे कदाचित नुसती धूळ, कदाचित बेअरिंग. काहीही असो, मूळ वॉरंटी अजून दोन महिने आहे. याच आठवड्यात सर्व्हिस सेंटरला घेऊन जा. बॅकअप काढून मगच द्या. तिथल्या माणसाला आवाज ऐकू आला नाही तर घरी रेकॉर्ड केलेला ऐकवा, आणि 'काही दोष आढळला नाही' असं म्हणाले तरी तारखेसह जॉबशीट मागून घ्या. तेरावा महिना लागल्यावर तोच पंखा बंद पडला, तर तक्रार मुदतीत केली होती हे दाखवायला तुमच्या हातात तो कागद असेल.