घरात ५ माणसं आणि गूगल नेस्ट मिनी हा बोलून चालवायचा स्पीकर एकच. तो प्रत्येकाला वेगळं ओळखेल का?

हो. एका स्पीकरवर ६ जणांपर्यंत आवाज नोंदवता येतात. पण सगळ्यांनी एकाच फोनवरून, एकाच खात्यात आवाज नोंदवू नका; तिथेच बहुतेक घरांत घोळ होतो. आईने 'माझ्या आजच्या अपॉइंटमेंट सांग' म्हटलं की मुलाचं कॅलेंडर वाचलं जातं.

ज्याने स्पीकर बसवला त्याने गूगल होम ॲपमधून प्रत्येकाला त्याच्या जीमेलवर घरातला सदस्य म्हणून आमंत्रण पाठवावं. त्या व्यक्तीने ते स्वतःच्या फोनवर स्वीकारून, स्पीकरच्याच वाय-फायवर राहून 'व्हॉइस मॅच' (आवाज ओळखण्याची सोय) सुरू करावं. सेटिंगमधला 'पर्सनल रिझल्ट्स' चालू नसेल तर आवाज ओळखूनही कॅलेंडर, रिमाइंडर सांगितले जात नाहीत.

मायलेकी किंवा दोन भावांचे आवाज सारखे असतील तर गल्लत होते, आणि ती पूर्णपणे टळत नाही. टीव्ही, मिक्सर बंद ठेवून, नेहमीच्या बोलण्याच्या पट्टीत आवाज पुन्हा नोंदवा. तरीही चुकत असेल तर खाजगी कॅलेंडर असलेल्याने पर्सनल रिझल्ट्स बंदच ठेवलेले बरे.

गाण्यांचं वेगळं. स्पॉटिफायच्या एका वैयक्तिक खात्यावर एका वेळी एकाच ठिकाणी गाणं वाजतं. बाबा गाडीत ऐकत असताना घरी कुणी त्याच खात्यावरून गाणं लावलं तर बाबांचं थांबतं. म्हणून प्रत्येकाने आपापलं खातं जोडावं.

पाहुणे आले की स्पीकरला 'गेस्ट मोड' चालू करायला सांगा. तेवढ्या वेळात कुणाचीच खाजगी माहिती वाचली जाणार नाही.