चाळिशीनंतर ऑफिसची नोकरी सोडून प्लंबर होता येईल का?

तुमचं वय ४१, आजवरची सगळी नोकरी संगणकासमोर, आणि आता प्लंबिंग शिकायचं म्हणताय. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात: उशीर झालाय का, आणि आधी कोर्स करू की सरळ कोणाच्या हाताखाली लागू.

उशीर झालेला नाही. मी हिशेबाच्या टेबलावरून उठून या कामात आलो तेव्हा तुमच्याच वयाच्या आसपास होतो. वयापेक्षा गुडघे जास्त त्रास देतात. सिंकखालच्या कपाटात मान वाकडी करून, एका हातात बॅटरी नि दुसऱ्या हातात पाना धरून किती वेळ काढता येतो, ते आधी घरीच बघा. आणि गुडघ्याचे पॅड पहिल्या दिवसापासून वापरा. तरुण पोरं लाजेपोटी घेत नाहीत, मग पुढे जिना उतरताना कठडा शोधतात.

आता कोर्सचं. तुम्ही राहता तिथला नियम काय आहे ते सगळ्यात आधी बघा. बऱ्याच देशांत काही वर्षांची उमेदवारी आणि परीक्षा झाल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि गॅसच्या लाइनला हात लावायचा तर परवानगी सहसा वेगळीच लागते. तिथे कोर्स करावाच लागेल. पण कोर्स संपला म्हणजे काम आलं, असं समजू नका.

कोर्समध्ये मुख्यतः पाईप जोडायला शिकवतात. सीपीव्हीसीचा, म्हणजे गरम पाण्यालाही चालणाऱ्या प्लास्टिक पाईपचा जोड घ्या. पाईप काटकोनात कापायचा, कापल्यावर कडेला राहिलेला कीस काढायचा, कडेला हलका उतार द्यायचा, पाईप फिटिंगमध्ये किती आत जायला हवा याची खूण करायची. मग पाईपला बाहेरून आणि फिटिंगला आतून सिमेंट लावून पाईप सारताना पाव फेरा द्यायचा नि अर्धा मिनिट दाबून धरायचा. लगेच सोडलात तर तो हळूच मागे सरकतो, कारण फिटिंगचं तोंड आत निमुळतं होत गेलेलं असतं. हे सिमेंट डिंकासारखं चिकटवत नाही, दोन्ही पृष्ठभाग मऊ करून एकजीव करतं. त्यामुळे नंतर ‘जरा सरळ करू या’ म्हणून पिळलं की जोड गेला. हात बसला की हे पटकन जमतं, तुम्हालाही जमेल.

गळती शोधायला मात्र वेळ लागतो. छतावर ओल दिसते तिथेच पाणी गळत असेल असं नाही. ते पाईपच्या अंगाने, स्लॅबच्या भेगेतून वाट काढत भलतीकडेच उतरतं. नवशिका ओल दिसली की छिन्नी काढतो. जाणता आधी सगळे नळ बंद करून मीटर बघतो. काटा हलत असेल तर मीटरच्या पुढे कुठेतरी दाबाखालचं पाणी जातंय; मग एकेक व्हॉल्व्ह बंद करत तो कुठला भाग ते ठरवतो. काटा ढिम्म असेल आणि ओल फक्त कोणी अंघोळ केल्यावर वाढत असेल, तर संशय सांडपाण्याच्या लाइनवर किंवा फरशीखालच्या वॉटरप्रूफिंगवर. काटा अगदी हळू सरकत असेल तर फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाकायचा नि काही वेळ फ्लश न करता थांबायचं. भांड्यात रंग उतरला तर टाकीच्या तळाचा रबर बसत नाहीये. इथवर एक फरशीही उखडलेली नसते. आकडे जुळत नसले की चूक कुठल्या रकान्यात आहे ते शोधायची सवय तुम्हाला आहे. या कामात तीच कामी येते.

म्हणून माझा सल्ला असा: नव्या इमारतींत लाइन टाकणाऱ्या ठेकेदाराकडे लागू नका, दुरुस्तीची कामं करणाऱ्या माणसाच्या हाताखाली लागा. नव्या कामात दिवसभर तेच एल्बो, तेच टी, नि केलेलं सगळं भिंतीत गाडलं जातं. ते पुढे कसं वागतं हे बघायला कोणी थांबत नाही. दुरुस्तीत दुसऱ्याने दहा वर्षांपूर्वी काय केलं नि त्याचं काय झालं, हे रोज उघडून बघायला मिळतं. बरेच जण उलटा सल्ला देतील, कारण नव्या कामात रोजगार नियमित असतो. तेही खरं आहे. घर त्याच पैशावर चालणार असेल तर त्याचा विचार करा.

बाथरूममधल्या वासाचीच गोष्ट घ्या. ट्रॅपमध्ये, म्हणजे सांडपाण्याच्या लाइनमधल्या वाकड्या पाईपात, साधारण ५० मिलिमीटर पाणी साचून राहतं आणि तेवढंच गटाराचा वायू अडवून धरतं. लोक ट्रॅप बदलतात, पुन्हा बदलतात, तरी वास येतोच. अशा वेळी वरच्या मजल्यावर कोणाला तरी फ्लश करायला सांगा नि ट्रॅपकडे कान द्या. गुडगुड आवाज आला की समजायचं, खाली जाणारं पाणी या ट्रॅपमधलं पाणी ओढून नेतंय. दोष व्हेंटचा, म्हणजे लाइनला हवा देणाऱ्या पाईपचा आहे, वरून हवा मिळत नाहीये. ट्रॅप कितीही महागाचा लावा, उपयोग नाही. (असा वाकडा पाईप संडासाला लावून १७७५ साली पेटंट घेणारा अलेक्झांडर कमिंग हा घड्याळं बनवायचा. दुसऱ्या धंद्यातून इकडे डोकावणारे तुम्ही पहिले नाही.)

मापांनी सुरुवातीला डोकं चक्रावेल. अर्धा इंची लोखंडी पाईप बाहेरून मोजला तर २१.३ मिलिमीटर भरतो, म्हणजे अर्ध्या इंचापेक्षा कितीतरी जास्त. त्यात आटे दोन पद्धतींचे. ब्रिटिश पद्धतीच्या, म्हणजे बीएसपीच्या आट्याचा कोन ५५ अंश, अमेरिकन एनपीटीचा ६०. पण अर्ध्या इंचात दोन्हींना इंचाला १४ आटे असल्याने एकात दुसरा सुरुवातीला छान बसतो. मग वर टेफ्लॉन टेपचे थरावर थर चढवतात, तरी थेंब थांबत नाही. आयात केलेला नळ हातात आला की आधी आटे तपासा.

दाबाचं गणित तर तुम्ही गिऱ्हाइकालाही समजावून सांगू शकाल. दाब बारमध्ये मोजतात; पाण्याची १० मीटर उंची म्हणजे जवळजवळ १ बार. टाकीतलं पाणी शॉवरपासून ३ मीटर वर असेल तर दाब ०.३ बार. पाईप मोठा केला तर घर्षणात वाया जाणारा दाब वाचेल, पण ०.३ च्या वर तो जाणार नाही. १ बार मागणारा शॉवर तिथे पंपाशिवाय चालायचा नाही, आणि हे शॉवर विकत घ्यायच्या आधी सांगायला हवं.

एका बाबतीत मात्र कोणाचंही ऐकू नका. ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून गटाराच्या खोल चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरायला सांगतील. उतरायचं नाही. तिथे हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाची जाणीवच मरते. वास गेला म्हणजे धोका गेला असं वाटतं आणि माणूस तिथेच कोसळतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही जातो. हे काम हवा मोजायचं यंत्र, श्वसनाचं साधन आणि वर थांबणारी माणसं असलेल्या प्रशिक्षित लोकांचं. रोजच्या कामातही सांडपाण्याशी संबंध येतोच, तेव्हा धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस ए ची लस घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारून घ्या.

राजीनामा लगेच देऊ नका. आधी काही महिने सुट्टीच्या दिवशी एखाद्या दुरुस्तीवाल्यासोबत हेल्पर म्हणून जा. पैशाची अपेक्षा न ठेवता विचारलंत तर बहुतेक जण हो म्हणतात. त्याचा हिशेब लिहून द्या, भिंत बुजवायच्या आधी लाइनचे फोटो काढून ठेवा. ही कामं त्याला नकोशी असतात नि तुम्हाला सहज जमतील. आणि तो गळती शोधत असेल तेव्हा बॅटरी धरायचं काम दुसऱ्या कोणाला देऊ नका.