कंबर दुखतेय, पण ऑपरेशन नकोय: तुमचे प्रश्न

ह्या वेळच्या पत्रांमध्ये निम्म्याहून जास्त पत्रं कंबरदुखीचीच आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात एक वाक्य ठरलेलं, "ऑपरेशन करावंच लागेल का?" म्हणून अख्खा कॉलम ह्यालाच देतेय. नावं कुणाचीच छापत नाहीये. मी फिजिओथेरपिस्ट आहे, सर्जन नाही, त्यामुळे नुसत्या पत्रावरून कुणाला ऑपरेशन करा किंवा करू नका असं मी सांगणार नाही, पण त्याच्या आधी काय काय करून बघता येतं आणि त्यातल्या कशात दम आहे, कशात नाही, हे मात्र स्पष्ट सांगते.

प्रश्न: ताई, वय ४६. दोन वर्षं कंबर दुखतेय, पाय दुखत नाही, फक्त कंबर, बसून उठलो की जास्त. एमआरआयमध्ये डिस्क बल्ज आलाय आणि मणक्यांची झीज लिहिलीय. बेल्ट लावतो, ट्रॅक्शन (कंबर ताणणं) झालं, मशीनचा शेक झाला. सगळं करून झालं, काही फरक नाही. खाली वाकणं बंद केलंय, लेकीलाही उचलत नाही. आता ऑपरेशन सुचवलंय. त्याशिवाय खरंच काही होतं का, की उगाच टाइमपास?

दादा, टाइमपास अजिबात नाही. पण आधी त्या रिपोर्टचं बघू, कारण तुमचं अर्धं पत्र रिपोर्टबद्दलच आहे आणि मला वाटतं दुखण्याइतकाच त्रास तुम्हाला त्या कागदाने दिलाय. ज्यांची कंबर अजिबात दुखत नाही अशा तीन हजारांहून जास्त लोकांच्या स्कॅनचे अभ्यास २०१५ मध्ये एकत्र करून तपासले, तर वयाच्या विशीतल्याच ३० टक्के लोकांना डिस्क बल्ज, म्हणजे दोन मणक्यांमधली गादी थोडी बाहेर फुगलेली, होता, चाळिशीत ५० टक्के, आणि झीज तर चाळिशीतल्या ६८ टक्के लोकांमध्ये दिसत होती. ही सगळी माणसं नीट चालत-फिरत होती, काही दुखत नव्हतं. म्हणजे तुमच्या वयाला तुमच्यासारखा रिपोर्ट येणं हे नॉर्मलच आहे, त्याच बल्जमुळे तुमची कंबर दुखतेय असं त्यावरून सिद्ध होत नाही.

कंबरदुखीच्या दहापैकी साधारण नऊ केसेसमध्ये नेमकं अमुक एका जागी बिघाड आहे असं बोट ठेवून दाखवता येत नाही. ऐकायला हे निराशेचं वाटतं पण तसं नाहीये, त्याचा अर्थ असा की काही मोडलेलं नाही, काही सटकलेलं नाही, आणि वाकलात म्हणून काही तुटणारही नाही.

आता उपचारांचं. तीन महिन्यांपेक्षा जास्त चाललेल्या अशा कंबरदुखीसाठी जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये विनाऑपरेशन उपचारांच्या गाईडलाइन्स काढल्या. त्यात सरसकट वापरू नका म्हणून जी यादी आहे ना, त्यात कंबरेचा बेल्ट आहे, ट्रॅक्शन आहे, अल्ट्रासाउंडचा शेक आहे आणि ते करंट देणारं टेन्स मशीनही आहे. तुमचं आत्तापर्यंतचं जवळजवळ सगळं ह्याच यादीतलं निघालं, त्यामुळे "सगळं करून झालं, काही फरक नाही" असं जे तुम्ही लिहिलंय ते मी असं वाचते की जे कामाचं आहे ते अजून सुरूच झालेलं नाही.

कामाचं काय, तर पहिला नंबर व्यायामाचा. कुठला? इथे लोकांना एखादं जादूचं आसन किंवा सीक्रेट एक्सरसाइज हवी असते, पण पोटा-पाठीच्या स्नायूंचे व्यायाम, वजनं, पोहणं, योगासनं, ह्यातल्या कुठल्याही एकाने बाकीच्यांना लांब मागे टाकलंय असं दिसत नाही. तुम्हाला जे आवडतं आणि सहा महिन्यांनीही जे तुम्ही करत असाल ते निवडा. फरक किती पडतो हेही खरं सांगते. बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं, झिरो होतंच असं नाही, पण झोप, काम, लेकीला उचलणं हे सगळं परत येतं, आणि मला विचाराल तर दुखण्याच्या आकड्यापेक्षा हेच महत्त्वाचं.

सुरुवात कशी करायची, कारण गाडी नेमकी इथेच अडते. आज तुम्ही जेवढं आरामात करू शकता त्याच्या थोडं खाली सुरू करा. समजा वीस मिनिटं चालल्यावर कंबर धरते तर चौदा-पंधरा मिनिटंच चाला, पण रोज, बरं वाटतंय त्या दिवशीही तेवढंच आणि दुखतंय त्या दिवशीही तेवढंच, मग आठवड्याने दोन-तीन मिनिटं वाढवा. बहुतेक लोक चांगल्या दिवशी सगळी कामं उरकून घेतात आणि पुढचे तीन दिवस झोपून काढतात, ते चक्र तोडायचंय. व्यायाम करताना थोडं दुखलं तर घाबरू नका, दुसऱ्या दिवसापर्यंत पूर्वीसारखं झालं म्हणजे डोस बरोबर आहे, वाढलेलंच राहिलं तर थोडा कमी करा. वाकण्याचंही तसंच. आधी खुर्चीत बसून हात गुडघ्यांच्या खाली न्या, मग घोट्यापर्यंत, मग उभं राहून, मग हातात हलकं काहीतरी घेऊन. लेकीचा नंबर त्यानंतर लागेल पण लागेल नक्की. बेल्ट एका दिवसात काढून फेकू नका, तास कमी करत आणा.

मसाज, मणक्यांची मॅन्युअल थेरपी, अ‍ॅक्युपंक्चर ह्यांनी काहींना बरं वाटतं, त्याच गाईडलाइन्समध्ये पर्याय म्हणून तेही आहेत. माझं मत विचाराल तर त्याने मिळालेला आराम व्यायाम सुरू करायला वापरा. नुसतं टेबलावर झोपून कुणीतरी काहीतरी करून देतंय आणि घरी काहीच नाही, असं महिनोन्महिने चालू असेल तर ते बंद करायला हवं.

आणि ऑपरेशन. जुन्या कंबरदुखीसाठी मणके जोडण्याचं ऑपरेशन आणि दुसरीकडे भरपूर व्यायाम व समुपदेशनाचा प्रोग्राम अशी तुलना ब्रिटनमध्ये ३४९ पेशंटवर केली होती, २००५ मध्ये छापून आली. दोन वर्षांनी दोन्ही गटांतला फरक अगदी किरकोळ होता. सुचवलेल्या डॉक्टरांना हे सरळ विचारा, "माझ्या पायात कमजोरी नाही, मग नेमकं कशासाठी?" आणि दुसऱ्या स्पाइन सर्जनचंही मत घ्या.

प्रश्न: वय ३८. दोन महिन्यांपासून कंबरेतून पायाच्या करंगळीपर्यंत कळ जाते, मुंग्या येतात. डिस्क बाहेर आलीय म्हणे. मज्जारज्जूजवळचं इंजेक्शन घेऊ का? की ती डिस्क कधीच आत जाणार नाही?

ताई, ही सायटिका, आणि वरच्या दादांपेक्षा तुमची गोष्ट वेगळी आहे, इथे नस खरोखर चिडलेली आहे. चांगली बातमी अशी की बाहेर आलेला डिस्कचा भाग बऱ्याच लोकांमध्ये आपोआप आकसतो, शरीराच्या पेशी तो हळूहळू शोषून घेतात, आणि गंमत म्हणजे मोठा तुकडा बाहेर आलेला असेल तर तो आकसण्याची शक्यता उलट जास्त असते.

स्टेरॉइडच्या इंजेक्शनने पायातली कळ काही आठवडे कमी होऊ शकते, फायदा सगळ्यांना होत नाही आणि फार मोठाही नसतो. झोपच लागत नाही, पाऊल टाकता येत नाही अशी अवस्था असेल तर तेवढे आठवडे ढकलायला ते विचारात घ्यायला हरकत नाही, पण त्याने डिस्क बरी होते असं समजू नका. नसेच्या दुखण्यासाठी प्रीगाबालिन खूप लिहून दिलं जातं, सायटिकाच्या २०९ पेशंटवर २०१७ मध्ये त्याची चाचणी झाली तर साध्या खोट्या गोळीपेक्षा जास्त फरक दिसला नाही, चक्कर मात्र जास्त आली. चालू असेल तर आपल्या मनाने एकदम थांबवू नका, डॉक्टरांना विचारून कमी करत आणायची असते.

ऑपरेशनचंही सांगते कारण पुढचा प्रश्न तोच असणार. नेदरलँड्समध्ये सायटिकाच्या २८३ पेशंटचे दोन गट केले, एकाचं ऑपरेशन लवकर, दुसऱ्याला थांबून बघू असं सांगितलं. लवकर ऑपरेशनवाल्यांना आराम पटकन मिळाला, पण वर्षाच्या शेवटी दोन्ही गटांत ९५ टक्के लोक बरे झाले होते. थांबलेल्यांपैकी ३९ टक्के लोकांनी मात्र मध्येच ऑपरेशन करून घेतलं, त्यांना तेवढं सहन होत नव्हतं, हेही खरं आहे आणि त्यात काही चुकीचं नाही. म्हणजे थांबणं हा खरा पर्याय आहे आणि ऑपरेशन हाही, ठरवायचं तुम्ही.

एक गोष्ट सोडून. लघवी अडकली किंवा कळेनाशी झाली, शौचावर कंट्रोल गेला, दोन मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला किंवा पाय झपाट्याने लुळा पडायला लागला, तर हा लेख, फिजिओ, सगळं बाजूला ठेवून त्याच क्षणी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जा. तिथे तास मोजले जातात.

प्रश्न: वय २७. सकाळी उठल्यावर कंबर लाकडासारखी ताठ असते, तासाभराने सुटते. आराम केला की जास्त दुखते आणि खेळलो की बरं वाटतं. पहाटे दुखून जाग येते. वर्षभर असंच आहे. कुठले व्यायाम करू?

व्यायामाच्या आधी तपासणी कर रे, आणि हे टाळू नकोस. कमी वयात सुरू झालेली कंबरदुखी, सकाळी अर्ध्या तासापेक्षा जास्त ताठरपणा, हालचालीने बरं आणि आरामाने वाईट, ही लक्षणं मणक्यांच्या संधिवाताची असू शकतात, अँकिलोजिंग स्पाँडिलायटिस त्यातलाच एक. हा साधा कंबरेचा त्रास नाही, त्याची औषधं वेगळी आहेत आणि वेळेवर सुरू झाली तर खूप उपयोग होतो. संधिवाततज्ज्ञाकडे जा, घरात कुणाला असं काही, डोळा लाल होऊन दुखणं किंवा सोरायसिस असेल तर आवर्जून सांग. व्यायाम चालूच ठेव, ह्या आजारात तोही उपचारच आहे.

प्रश्न: आईचं वय ६८, बीपी आहे. कंबरेसाठी वर्षभर रोज पेनकिलर घेते, नाही घेतली तर उठवत नाही म्हणते. चालेल का?

रोज, वर्षभर आणि त्यात बीपी, हे मला बरोबर वाटत नाही. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ह्या गटातल्या गोळ्या कंबरदुखीत थोडा आराम देतात, पण कमीत कमी डोस आणि कमीत कमी दिवस अशाच घ्यायच्या असतात, वय वाढलं की पोटात अल्सर होऊन रक्तस्राव, किडनीवर ताण, बीपी वाढणं हे धोके वाढतात. पॅकेटवरचं नाव बघा, आणि ह्या आठवड्यातच तिच्या डॉक्टरांकडून किडनीची तपासणी, बीपी आणि गोळीचं काय करायचं हे ठरवून घ्या. ट्रामाडॉलसारख्या अफूवर्गातल्या गोळीवर बदलून देणं हा उपाय नाही, जुन्या कंबरदुखीसाठी त्या नकोत असं गाईडलाइन्समध्ये सरळ लिहिलंय, सवय लागते आणि म्हातारपणी तोल जाऊन पडायची भीती.

आणि एक विचारा तिला, चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकलं किंवा बसलं की सुटतात असं होतं का? तसं असेल तर नसांची जागा अरुंद झालेली असू शकते, ते दाखवून घ्या. अचानक, पडल्यानंतर किंवा नुसतं वाकल्यावर दुखणं सुरू झालं असेल तर हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला नाही ना हेही बघावं लागेल.

प्रश्न: जमिनीवर झोपू का?

गरज नाही. कडक गादी आणि मध्यम कडक गादी अशी ३१३ लोकांवर तुलना झाली होती, त्यात मध्यम कडकवाल्यांना जास्त बरं वाटलं. ज्यावर झोप लागते ती गादी चांगली, कुशीवर झोपत असाल तर गुडघ्यांमध्ये उशी घेऊन बघा.

प्रश्न: सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले स्ट्रेस घेऊ नका. म्हणजे मी नाटक करतेय का? फार वाईट वाटलं.

नाटक नाही हो ताई, तुमचं दुखणं शंभर टक्के खरं आहे. तुम्हाला नीट समजावून सांगितलं गेलं नाही एवढंच. दुखणं महिनोन्महिने राहिलं की मेंदू आणि नसांची यंत्रणा जास्त संवेदनशील होते, दारावरची बेल वाऱ्याच्या झुळकीनेही वाजायला लागावी तशी, आणि अपुरी झोप, काळजी, भीती, ऑफिसचा ताण ह्यांनी ती आणखी हलकी होते. बेल खरीच वाजतेय, तुम्ही वाजवत नाही आहात. म्हणूनच वागणूक आणि विचार बदलण्याची समुपदेशनाची पद्धत, जिला सीबीटी म्हणतात, आणि माइंडफुलनेस ह्यांचा उपयोग होतो, ३४२ लोकांच्या अभ्यासात नेहमीच्या उपचारांपेक्षा ह्या दोन्हींनी जास्त जणांना फरक पडला होता. मानसोपचारतज्ज्ञाकडे गेलात तर "माझं दुखणं मनाचं आहे" असं कबूल केल्यासारखं होत नाही. आणि सगळ्यात आधी झोप सुधारा, ते जमलं की बाकीचं सोपं जातं, माझ्या पेशंट्समध्ये मी हे सतत बघते.

प्रश्न: आता बरी आहे पण दर तीन-चार महिन्यांनी कंबर परत धरते. कायमचं थांबवता येईल का?

कायमचं थांबेल असं वचन देता येत नाही पण दोन झटक्यांमधलं अंतर वाढवता येतं. नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ लोकांवरचा अभ्यास २०२४ मध्ये आला, अर्ध्यांना हळूहळू वाढवत नेण्याचा चालण्याचा प्रोग्राम दिला, फिजिओ अधूनमधून मार्गदर्शन करायचा, टार्गेट आठवड्यातून पाच दिवस तीस मिनिटं. काहीच न दिलेल्यांची कंबर साधारण ११२ दिवसांनी परत धरली, चालणाऱ्यांची २०८ दिवसांनी. चालण्याला काही लागत नाही म्हणून लोक त्याला उपचारच मानत नाहीत, ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

आणि परत धरलीच तर झोपून राहू नका. पहिले एक-दोन दिवस शेक, हवी तर डॉक्टरांनी सांगितलेली गोळी, आणि घरातल्या घरात थोडं थोडं चालणं. तिसऱ्या दिवसापासून नेहमीच्या निम्म्या वेळाने फिरायला सुरू. लगेच नवीन एमआरआयची घाई नको, ताप, वजन घटणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, रात्री आराम करूनही न थांबणारं दुखणं, किंवा वर सायटिकावाल्या ताईंना सांगितलेल्या खुणा असतील तरच ताबडतोब दाखवा. दोन-तीन आठवड्यांत तुम्ही आधी चालत होतात तिथपर्यंत पोचला नाहीत तर फिजिओला एकदा भेटा, तेव्हा रोज किती चाललात ते लिहून ठेवलेली वही सोबत न्या.